कुलूप तुमच्याकडे, राखण म्हातारीकडे

श्री. मार्क झुकरबर्ग यांस,

जालना जिल्ह्यातून नमस्कार. मराठी पत्रात नमस्काराआधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे. ती मी मुद्दाम मोडली आहे.

तुम्ही जालना पाहिलेलं नसणार. पण जालना तुमचं गिऱ्हाईक आहे आणि त्यातलं सगळ्यात लहान गिऱ्हाईक नऊ-दहा वर्षांचं आहे. हे पत्र त्याच्यासाठी.

दिवाळीच्या आगेमागे घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो, तो मार्च-एप्रिलला परततो. कडेवरचं लेकरू सोबत जातं. शाळेत जाणारं मागे राहतं, बहुतेक वेळा आजीजवळ. त्यांच्याजवळ एक स्मार्टफोन ठेवतात, रिचार्ज मारून. नंबर बापाच्या नाहीतर चुलत्याच्या नावावर, फोन आजीच्या उशाशी आणि चालवणारी बोटं नातीची. संध्याकाळी फडावरचं काम उरकून माय कोपीत चूल पेटवते आणि तुमच्या व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावते. लेकराला मायचं तोंड दिसतं, मायला लेकरू जेवलं की नाही ते कळतं. या कॉलबद्दल माझं तुमच्याशी काही भांडण नाही. पूर्वी पाच-पाच महिने तोंड दिसत नसे. भांडण आहे ते कॉल संपल्यावर फोन त्या पोरीच्या हातात उरतो, त्या वेळाचं.

तो फोन घ्या आणि व्हॉट्सअॅप उघडा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स. आजवर कुणी हात लावलेला नसेल तर तिथे 'एव्हरीवन' निवडलेलं दिसेल. म्हणजे ज्याच्याकडे हा नंबर आहे, त्या कुणीही या फोनला वाटेल त्या ग्रुपात ओढावं. एप्रिल २०१९ पर्यंत तर हे बदलायची सोयच तुम्ही दिली नव्हती. दिलीत तेव्हाही 'एव्हरीवन' जागचं हलवलं नाहीत. ज्याला नको असेल त्याने शोधून काढावं आणि बदलावं. एकदा ग्रुपात गेलं की आतल्या सगळ्या अनोळखी माणसांना तो नंबर दिसतो. अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करण्याची सोय जून २०२३ मध्ये आली. तीही बंद अवस्थेत येते, आपण चालू करायची.

आता सांगा, हे कोण करणार? आजीला हिरवं बटण उचलायचं आणि लाल बटण ठेवायचं, एवढं ठाऊक. नातीला सगळी बटणं ठाऊक आहेत, पण तिला कुणी ग्रुपात घेतलं तर आनंदच होतो. माय आणि बाप शेकडो मैलांवर उसाच्या सरीत वाकलेले. तुमच्या बहुतेक सोयींची हीच तऱ्हा आहे. धोका चालू करून देता आणि बचाव बंद करून देता. बचाव चालू करायची जबाबदारी मग घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसावर पडते आणि वाईट काही घडलं तर दोषही त्याच्याच माथी.

तुम्ही म्हणाल, आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की तेरा वर्षांखालच्यांनी वापरू नये. हा तेराचा आकडा कुठून आला, ते हे पत्र वाचणाऱ्यांना कळलं पाहिजे. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती घ्या, असं त्यात ठरलं. मुलाला अनोळखी माणसाचा मेसेज कोणत्या वयात कळतो, झेपतो, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नव्हता. तो कायदा झाला तेव्हा तुम्ही स्वतः चौदा वर्षांचे होता, फेसबुक नव्हतं, व्हॉट्सअॅप नव्हतं आणि जालन्यात फोन करायला लोक एसटीडी बूथवर रांग लावत होते. तोच आकडा तुम्ही जगभर लावलात. युरोपात २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपचं वय सोळा केलंत आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा तेरावर आणलंत. आमच्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक माणूस मूल आहे. तेरा आणि अठराच्या मधली पाच वर्षं व्हॉट्सअॅपच्या लेखी मोठ्या माणसाची आहेत. आमच्याकडे त्या वयात पोरगी सातवी ते बारावीच्या वर्गात बसते.

आणि तेराचा नियम तरी पाळला गेला का? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात अभ्यास फोनवर आला. गुरुजींनी वर्गाचे ग्रुप केले, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. नोव्हेंबर २०२० पासून तर राज्य सरकारने 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम थेट व्हॉट्सअॅपवर चालवला. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलांना आठवड्याला प्रश्न जात आणि मुलं तिथेच उत्तरं देत. पहिलीतलं मूल सहा वर्षांचं असतं. फोन आईबापाचा, तरी समोर बसलेलं लेकरू सहा वर्षांचं. यात आमच्या शिक्षण खात्याचाही दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. पण अख्ख्या राज्यातल्या प्राथमिक शाळा तुमच्या अॅपवर भरत होत्या. वर्गाच्या ग्रुपापुरतं तरी एकमेकांचे नंबर झाका, अनोळखी माणसाला शिरू देऊ नका, एवढी वेगळी खोली बांधायला तुमच्या इंजिनिअरांना किती वेळ लागला असता? शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन मुलांच्या हातून परत आला नाही. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे समाजमाध्यमं वापरणाऱ्यांतल्या ६२ टक्के मुलांनाच ठाऊक होतं. ही देशाच्या ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांची गत. आमची पोरगी नऊ वर्षांची आहे.

मुलांसाठी वेगळं अॅप करता येतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. डिसेंबर २०१७ मध्ये तुम्ही अमेरिकेत 'मेसेंजर किड्स' आणलंत. मुलाचं खातं पालक उघडणार, मूल कोणाशी बोलणार ते पालक ठरवणार, जाहिराती नाहीत. कल्पना चांगली होती. तरी जानेवारी २०१८ मध्ये शंभराच्या आसपास बालआरोग्य तज्ज्ञांनी आणि संस्थांनी तुम्हाला उघड पत्र लिहून ते बंद करा म्हणून सांगितलं. इतक्या लहान वयात मुलांना या सवयीत ओढू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. मग २०१९ मध्ये उघड झालं की एका चुकीमुळे ग्रुपात मुलांना अशी माणसं भेटत होती ज्यांना त्यांच्या पालकांनी परवानगी दिलेलीच नव्हती. हजारो पालकांना तुम्हीच तसं कळवलंत. ज्या एका गोष्टीच्या भरवशावर आईबापांनी ते अॅप घेतलं, तीच फुटली. कुंपणानेच शेत खाल्लं.

आणि ती चूक झाली नसती तरी ते अॅप घनसावंगीच्या त्या घरात चाललं नसतं. त्याला पालकाचं स्वतःचं फेसबुक खातं लागतं, पालकाचा वेगळा फोन लागतो, आणि रोज त्यात डोकावून कोण बोललं, काय बोललं हे पाहायला निवांतपणा लागतो. बापाकडे साधा फोन असेल किंवा टोळीत दोघा-तिघांत मिळून एक असेल. रात्री ट्रॉली भरायची वेळ आली तर तो पहाटेपर्यंत मोकळा नसतो. गुगलची 'फॅमिली लिंक'सुद्धा हेच गृहीत धरते की आईबापाचं एक खातं, लेकराचं दुसरं आणि दोघांचे फोन वेगळे. आमच्याकडे एका फोनवर आजी, नातू, नात आणि वेळ पडली तर शेजारीण. पालकांचा ताबा म्हणून तुम्ही जे देता ते अशा घरासाठी बनलेलंच नाही. आणि देशात अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

जालना हे बियाण्यांचं गाव आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे देशभर बियाणं इथून जाऊ लागलं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किती, शुद्धता किती, चाचणी कधी झाली हे छापावं लागतं. १९६६ च्या बियाणे कायद्याने ते सक्तीचं आहे. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी अर्ज करतो, तालुक्याची समिती बांधावर येते, पंचनामा होतो. शेतकऱ्याला न्याय दरवेळी मिळतो असं मी म्हणत नाही. पण पेरणाऱ्याने आधी बियाणं तपासायला शिकावं आणि नसेल शिकला तर त्याचं तो भोगेल, असं सांगण्याची हिंमत इथली कुठलीही कंपनी करत नाही. तुम्ही ते गेली कित्येक वर्षं सांगता आहात. पोरीच्या फोनवर कुणी घाण पाठवली तर बांधावर कोण येतं, झुकरबर्ग साहेब?

मूल कोण आणि मोठा माणूस कोण हे आम्हाला कसं ओळखू येणार, असंही तुमच्या कंपनीकडून ऐकायला मिळतं. व्हॉट्सअॅप भारतात दर महिन्याला लाखो खाती बंद करतं आणि त्याचा अहवाल स्वतःच छापतं. मेसेज न वाचता, नुसत्या वागणुकीवरून ती खाती ओळखली, असं त्यात अभिमानाने सांगितलेलं असतं. इन्स्टाग्रामवर खोटं वय लिहिलेली मुलं शोधायला कृत्रिम बुद्धिमत्ता लावल्याचं तुम्ही एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलंत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि न पाळणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला. लगेच पहिल्या दिवसांतच तुम्ही तिथली साडेपाच लाखांच्या आसपास खाती बंद केलीत. म्हणजे दंडाचा आकडा समोर आला की मुलं बरोबर ओळखू येतात. त्या बंदीतून व्हॉट्सअॅप आणि मेसेंजर किड्स दोन्ही वगळली गेली आहेत, म्हणून निरोपांच्या अॅपबद्दलचा प्रश्न तिथेही उरलाच आहे.

बचाव सुरुवातीपासून चालू ठेवता येतो, हेही तुम्ही करून दाखवलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामवर किशोरांची वेगळी खाती आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतात आली. ती आपोआप खासगी असतात, ओळख नसलेल्याचा मेसेज तिथे पोचत नाही आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. बरोबर आहे, असंच हवं. पण हे तुम्ही कधी केलंत? ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक राज्यांनी मुलांच्या नुकसानीसाठी तुमच्या कंपनीला कोर्टात खेचल्यानंतर. ३१ जानेवारी २०२४ रोजी सिनेटच्या सुनावणीत मृत मुलांचे फोटो हातात धरून बसलेल्या आईबापांकडे वळून तुम्हाला माफी मागावी लागल्यानंतर. व्हॉट्सअॅप तुम्ही २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला घेतलं. तेव्हापासून मोजलं तर जी मुलं पहिलीत होती, ती आता मतदार झाली. त्यांच्या सगळ्या बालपणात 'एव्हरीवन' जागचं हललं नाही.

ही गोष्ट तुम्हाला बाप म्हणून कळते, याचा पुरावा तुम्हीच दिला आहे. जुलै २०२३ मध्ये तुम्ही घरच्यांसोबतचा एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकलात आणि दोन थोरल्या मुलींच्या चेहऱ्यांवर हसऱ्या इमोजी चिकटवल्या. तुम्ही अगदी योग्य केलंत, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. आपल्या लेकीचा चेहरा कुणाच्या हाती पडू शकतो हे तुम्हाला नेमकं माहीत होतं. आमच्या पोरीच्या बापाला ते माहीत नाही, आणि माहीत असून तुम्ही तिच्यासाठी काही झाकलं नाहीत. तुमच्यावर माझा मुख्य आरोप हाच आहे.

कारण काही वाईट घडलं की इथे पुढे काय होतं, ते तुमच्या कुठल्याही अहवालात येत नाही. समजा अनोळखी नंबरवरून घाण फोटो आला, किंवा कुणी गोड बोलून फोटो मागितला. पोरगी आधी घाबरते. आजीला सांगितलं तर आजी मामाला सांगेल, मामा बापाला, आणि बाप फडावरून ओरडेल की फोन काढून घ्या तिचा. फोन गेला की मायचा संध्याकाळचा कॉल गेला. त्यानंतर कुणीतरी म्हणतं, शाळेतून नाव काढा, उगाच बोभाटा नको. आणि मराठवाड्यात याच्या पुढची पायरी लग्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. आमच्या शेजारच्या परभणी आणि बीडमध्ये ते ४० टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तेरा-चौदा वर्षांची पोर मागे ठेवायची म्हटलं की आईबापाचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो. फोनवरचा एक मेसेज त्यांना निमित्ताला पुरतो. म्हणून पोरगी सांगतच नाही. ती गप्प राहते, मेसेज येत राहतात आणि पाठवणाऱ्याला कळून चुकतं की इथे विचारणारं कुणी नाही. पाठवणारा सुटतो आणि शिक्षा पोरीला, चोर सोडून संन्याशाला फाशी. तुमच्या एका 'एव्हरीवन'ची आमच्याकडची किंमत एका मुलीचं शिक्षण असू शकते.

आमची गावं हात बांधून बसलेली नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी यवतमाळमधल्या पुसद तालुक्यातल्या बान्सीने ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी केली. वडगावचा भोंगा मला पटतो. बान्सीचा ठराव नाही पटत, कारण आमच्या जिल्ह्यात तो लागू केला तर मायचा आवाजच तुटेल. पण जे काम जगातल्या एका बलाढ्य कंपनीने करायचं, ते ग्रामपंचायतीला भोंग्यावर करावं लागतं, ही लाज दोन्ही गावांची नाही, तुमची आहे.

मागणं काय, तेही सांगतो. लेकरू जो फोन वापरतं त्याच फोनमध्ये, दुसरा फोन न मागता, चालेल असा मुलांचा कप्पा द्या. आजीच्या अंगठ्याने उघडेल, आजीच्या अंगठ्याशिवाय बदलणार नाही. त्या कप्प्यात आईबापाने निघण्याआधी ठरवलेली दहा-बारा माणसं असतील. बाकी कुणाचा मेसेज, कॉल, ग्रुप आत पोचणारच नाही. वर्गाच्या ग्रुपात मुलांचे नंबर एकमेकांना दिसणार नाहीत. नवीन माणूस घ्यायचा तर विचारणा लिहून येऊ नये, मराठीतून बोलून यावी, म्हणजे अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही हो किंवा नाही म्हणता येईल. तक्रारीचं बटण एकच आणि मोठं असावं, आणि ते दाबल्यावर पोरीचा फोन बंद पडू नये, पाठवणाऱ्याचा पडावा. यातली एकही गोष्ट तुमच्या कारखान्याला जड नाही.

आणि घाई करा. आमच्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत. मुलाची माहिती घेण्याआधी पालकाची पडताळलेली संमती, मुलांच्या वागणुकीवर पाळत नको, त्यांना लक्ष्य करून जाहिरात नको, आणि मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. तयारीला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. त्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा एकदा गाव सोडून गेलेल्या असतील आणि फोन पुन्हा आजीच्या उशाशी असेल. संमतीच्या नावाखाली अंगठा टेकवायला लावणारा अजून एक इंग्रजी कागद तुम्ही पुढे सरकवाल, ही माझी भीती आहे. ती खोटी ठरवा.

कळावे,
जालना जिल्ह्यातला एक पालक

ता. क. हे पत्र छापून आल्यावर वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती: घरातला, शेजारच्या आजीचा, भावकीतल्या लेकराच्या हातातला फोन आजच घ्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे 'एव्हरीवन' काढून 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. प्रायव्हसीतच कॉल्समध्ये जाऊन अनोळखी नंबर गप्प करा. लेकराला सांगा की काही वाईट आलं तर आधी आम्हाला दाखव, फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही. आणि हा शब्द पाळा. मुलांसाठी मदत १०९८ वर मिळते, ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार १९३० वर होते आणि घाण मजकुराची राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, तिथे मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न सांगताही करता येते. टोळ्या निघण्याआधी एवढं तरी गावागावांत व्हायला हवं.